आज्ञावलींची वजनमापे

बंगळूर शहराच्या आग्नेयेस, अगर तलावापासून दक्षिणेकडे पसरलेल्या वसाहतीला एचएसआर लेआउट म्हणतात. ही आद्याक्षरे कोणा थोर पुरुषाच्या नावाची असावीत, असे परगावच्या माणसाला वाटते. वस्तुतः ती होसूर आणि सर्जापूर या दोन गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरून आली आहेत. मराठी माणसाला बंगळूर आठवते ते शहाजीराजांच्या जहागिरीमुळे. या भागात मात्र कालपरवापर्यंत शेते, नारळीची झाडे आणि लहानसहान खेडी होती. गेल्या शतकाच्या अखेरीस विकास प्राधिकरणाने येथे सात सेक्टर आखले. होसूर रस्त्याने पुढे गेले की इलेक्ट्रॉनिक्स सिटी लागते, आणि तिची स्थापना १९७८ सालची. आज या सात सेक्टरांतील घरांच्या वरच्या मजल्यांवर लहान लहान उद्योगसंस्था भाड्याने राहिल्या आहेत आणि त्यांतील तरुण मंडळी संगणकाच्या आज्ञावली लिहितात. त्यांच्या मेजावरचे यंत्र बहुधा एका वंशाचे असते, आणि लिहिलेली आज्ञावली जेथे चालावयाची ते यंत्र, म्हणजे दूरध्वनी, विजेचे मीटर किंवा दुचाकीतील नियंत्रक, दुसऱ्या वंशाचे. मेजावर बिनचूक चाललेली गोष्ट मीटरमध्ये बिनचूक चालेल कशावरून? हा प्रश्न संगणकशास्त्रात निदान पन्नास वर्षे जुना आहे, आणि त्याच्या उत्तराचा इतिहास आपल्या देशाच्या व्यवहाराशी वाटतो त्यापेक्षा अधिक गुंतलेला आहे.

हा प्रश्न नीट समजावयाचा तर थोडा वेळ बाजारपेठेत जावे लागेल. १९५६ साली वजनमापांचा कायदा होऊन दशमान पद्धती येण्यापूर्वी ‘मण’ हे वजन सर्व देशभर होते. पण ते एक नव्हते. मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा सुमारे ८२ पौंडांचा. मुंबईत बसून मुंबईचाच माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला यात काहीच अडचण नव्हती. ‘दहा मण’ असे त्याने वहीत लिहिले की त्याचा अर्थ त्याला, त्याच्या मुनिमाला आणि हमालाला ठाऊक असे. वही कलकत्त्याच्या पेढीवर गेली म्हणजे घोटाळा सुरू होई. वहीत एक अक्षरही चुकीचे नसताना हिशेब मात्र तिपटीने चुके. चूक लिहिण्यात नसे. न लिहिलेल्या गोष्टीत असे.

सी या संगणकभाषेतील ‘इंट’ हा शब्द अशाच मणासारखा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ही भाषा पीडीपी-११ या यंत्रासाठी घडविली. पूर्णांक ठेवण्याच्या जागेला ‘इंट’ आणि अक्षर ठेवण्याच्या जागेला ‘कॅर’ अशी नावे त्यांनी दिली. पीडीपी-११ वर इंट १६ बिटांचा होता. तीच भाषा हनीवेल ६००० या यंत्रावर गेली तेव्हा तेथील इंट ३६ बिटांचा आणि कॅर ९ बिटांचा झाला. आयबीएम ३७० वर इंट ३२ बिटांचा. रिची आणि ब्रायन कर्निघन यांनी १९७८ साली लिहिलेल्या भाषेच्या पहिल्या पुस्तकात या फरकांचे एक छोटे कोष्टकच दिले होते. ते कोष्टक म्हणजे संगणकांच्या दुनियेतील मुंबई, मद्रास आणि बंगाल यांच्या मणांचे कोष्टक होय. १६ बिटांच्या इंटात ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाही. एखाद्या पेढीने रक्कम पैशांत मोजून अशा इंटात ठेवली, तर ३२७ रुपये ६७ पैशांच्या पुढे खाते उलटे फिरून उण्यात जाईल. ३२ बिटांच्या यंत्रावर तीच आज्ञावली दोन कोटी चौदा लाखांपर्यंत निर्धास्त चालेल. मजकुरात फरक कसलाही नाही.

बेल प्रयोगशाळेतील मंडळींना ही गोष्ट पुस्तकातून उमगली नाही. ती अनुभवाने शिकावी लागली. १९७७ साली रिची आणि स्टीफन जॉन्सन यांनी युनिक्स ही सबंध कार्यप्रणाली पीडीपी-११ वरून इंटरडेटा ८/३२ या निराळ्याच घडणीच्या यंत्रावर नेण्याचे काम हाती घेतले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी इंटरडेटाच्याच ७/३२ या यंत्रावर तोच उद्योग स्वतंत्रपणे केला. त्या काळी कार्यप्रणाली ही यंत्राच्या हाडामांसाची मानली जात असे. ती उचलून दुसऱ्या यंत्रात बसविणे म्हणजे एका माणसाचा स्वभाव दुसऱ्याच्या देहात घालण्यासारखे वाटे. ते काम झाले खरे. पण त्या खटाटोपात असे दिसून आले की आपण सी भाषेत लिहितो अशी ज्यांची समजूत होती, ते बऱ्याच ठिकाणी पीडीपी-११ च्या भाषेत लिहीत होते. स्मृतीतील पत्ता आणि पूर्णांक ही एकच वस्तू आहे असे समजून त्यांनी एकाच्या जागी दुसरे वापरले होते, कारण त्या यंत्रावर दोन्ही १६ बिटांची होती. संख्येचा खालचा बाइट आधी की वरचा आधी, हेही त्यांनी गृहीत धरले होते. या बाइटांच्या उलथापालथीमुळे नव्या यंत्राने ‘युनिक्स’ या नावाची रोमन अक्षरे जोडीजोडीने फिरवून ‘नक्सी’ असे छापले, अशी आख्यायिका त्या क्षेत्रात आजही सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण दोष अगदी त्याच जातीचा होता.

या अनुभवातूनच तपासनीसाचा जन्म झाला. जॉन्सन यांनी ‘लिंट’ नावाची एक आज्ञावली लिहिली आणि १९७८ साली तिचे टिपण प्रसिद्ध केले. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेली रुई. आज्ञावलीला चिकटलेले असे तंतू वेचून दाखविणे, एवढेच तिचे काम. ती स्वतः काही चालवीत नाही, केवळ वाचते. सी भाषेचा कंपायलर, म्हणजे मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा भाषांतरकार, घाईत असतो; अर्थ लावता येतो ना, मग पुढे चला, अशी त्याची वृत्ती असते. लिंट उलट स्वभावाची. जी जागा भरलीच नाही तिचे मूल्य वाचले जात आहे काय, एका ठिकाणी तीन गोष्टी देऊन बोलावलेले कार्य दुसऱ्या ठिकाणी दोनच देऊन बोलावले आहे काय, पत्ता आणि पूर्णांक यांची गल्लत झाली आहे काय, हे ती ओळीओळीने पाही. एक विशेष खूण दिली म्हणजे ती आणखी कडक होई आणि ‘हे आयबीएमवर आणि हनीवेलवर चालेल काय’ असे विचारी.

त्या यंत्रांवरील एक मर्यादा ऐकून आज हसू येईल. निरनिराळ्या खंडांत लिहिलेली आज्ञावली एकत्र जोडताना काही यंत्रे नावांची पहिली सहाच अक्षरे पाहत, आणि तीही लहान-मोठ्या लिपीचा भेद न करता. ‘शिल्लक आरंभीची’ आणि ‘शिल्लक अखेरची’ अशी दोन नावे रोमन लिपीत दिली, तर त्यांची पहिली सहा अक्षरे तंतोतंत सारखी येतात. एका यंत्रावर ती दोन खाती. दुसऱ्या यंत्रावर एकच खाते, आणि त्यात कोण कोणावर लिहील याचा नेम नाही. जॉन्सन यांच्या तपासनीसाने हा धोका आधीच सांगावा, अशी अपेक्षा असे.

आपल्या देशात हा प्रश्न आला तो राजकारण आणि व्यापार यांच्या वाटेने. येथे कोणतेही एक यंत्र सार्वत्रिक नव्हते. मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४ च्या सुमारास परदेशासाठी जे पहिले मोठे काम केले, तेच मुळी स्थलांतराचे होते: बरोज कंपनीच्या एका जातीच्या यंत्रासाठी लिहिलेली रुग्णालयाच्या हिशेबाची आज्ञावली त्याच कंपनीच्या दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेणे. भाषा कोबोल होती, सी नव्हे. आणि गंमत अशी की काम करणाऱ्यांपुढे असलेले यंत्र होते आयसीएल १९०३, म्हणजे तिसऱ्याच घराण्याचे. जे यंत्र समोर नाही त्यासाठी लिहिणे हा भारतीय संगणकव्यवसायाचा जन्मजात धर्म आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १९७८ साली आयबीएमने देशातून काढता पाय घेतला आणि कोणा एका परदेशी कंपनीच्या यंत्राभोवती सर्व व्यवहार उभा करण्याचा मार्गच उरला नाही. बंगळुरात विप्रो, उत्तरेकडे एचसीएल, शिवाय इतर लहानमोठ्या कंपन्या आपापली यंत्रे बनवू लागल्या. कोणी मोटोरोलाचा प्रक्रियक घेई, कोणी इंटेलचा.

त्यात बँकांचा प्रश्न आला. रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९८४ साली बँकांच्या यंत्रीकरणाची दिशा आखून दिली. त्या दशकात शाखांतील यंत्रांसाठी युनिक्स हीच प्रणाली पसंत करण्यात आली. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा यंत्रांना विरोध होता आणि त्यांच्याशी एकेका पायरीचे करार होत होते. त्या वादाचा इतिहास निराळा आहे. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की बँकेने प्रणालीचे नाव ठरविले, यंत्राच्या उत्पादकाचे नाही. हा निर्णय दूरदर्शी होता. त्यामुळे हजारो भारतीय तरुणांना युनिक्सची आणि सी भाषेची सवय झाली, आणि पुढील दशकात परदेशी कामे मिळाली ती बऱ्याच अंशी या सवयीच्या बळावर. परंतु त्याच निर्णयाने सुवाह्यता, म्हणजे एका यंत्रावरची आज्ञावली विनासायास दुसऱ्यावर नेता येणे, ही शास्त्रज्ञांच्या आवडीची बाब न राहता पोटापाण्याची बाब झाली. मोटोरोलाच्या वंशात संख्येचा मोठा बाइट आधी लिहीत, इंटेलच्या वंशात धाकटा आधी. एका शाखेच्या यंत्राने ३२ बिटांत लिहिलेला ‘१’ हा आकडा दुसऱ्या वंशाच्या यंत्राने जसाच्या तसा वाचला, तर तो १,६७,७७,२१६ होतो. एका रुपयाचे पावणेदोन कोटी जवळपास झालेच की! अर्थात इतकी ढळढळीत चूक चटकन उघडकीस येते. धोका असतो तो किरकोळ चुकांचा.

याच सुमारास जगात मानके लिहिण्याचे काम चालू होते. सी भाषेसाठी अमेरिकन मानक संस्थेने १९८३ साली समिती नेमली आणि तिचे मानक १९८९ च्या अखेरीस मंजूर झाले; पुढील वर्षी ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. प्रणालीने आज्ञावलीला कोणत्या सेवा पुरवाव्यात याचे मानक विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने १९८८ साली काढले. त्याला ‘पॉसिक्स’ हे सुटसुटीत नाव रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचविले होते. युरोपातील संगणक-उत्पादकांनी १९८४ साली एक्स-ओपन नावाचा संघ काढला आणि तो आपल्या सुवाह्यता-मार्गदर्शिका प्रसिद्ध करू लागला. अमेरिकन सरकारने खरेदीसाठी पॉसिक्सची अट घातल्याबरोबर सर्व उत्पादक प्रमाणपत्रासाठी धावू लागले, हे सांगावयास नकोच.

सी भाषेच्या मानकाची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मणाचे वजन एकच ठरवून टाकावे तसे या समितीने केले नाही. इंटात किमान ३२,७६७ पर्यंतची संख्या मावली पाहिजे, एवढेच तिने सांगितले; त्याहून मोठा करावयाचा तर उत्पादकाने खुशाल करावा. ज्या गोष्टी तिने मोकळ्या सोडल्या त्यांच्या तिने तीन जाती केल्या. काही बाबतींत उत्पादकाने आपला निर्णय घ्यावा आणि तो लिहून जाहीर करावा. काही बाबतींत जाहीर करण्याचीही गरज नाही. आणि काही बाबतींत, लेखकाने मर्यादा ओलांडलीच तर, काहीही घडले तरी मानक त्याला जबाबदार नाही. मानकाच्या शेवटी या सर्व जागांच्या याद्या देणारे एक परिशिष्टच आहे. काटेकोरपणे मानकाला धरून असलेली आज्ञावली ती, जी या मोकळ्या जागांवर विसंबत नाही. नुसती ‘मानकाला धरून असलेली’ आज्ञावली मात्र कोणत्याही एका मान्य कंपायलरने स्वीकारली की पुरे! ही दुसरी व्याख्या इतकी उदार आहे की तिच्यातून गाळले जाणारे फारसे काही उरत नाही. समितीला जुन्या आज्ञावलींचे मालक दुखवावयाचे नव्हते, हे त्यामागील व्यावहारिक कारण. म्हणून यंत्राला मिळालेले प्रमाणपत्र आणि आज्ञावलीची शुद्धता या दोन गोष्टी वेगळ्या राहतात. दुकानातील तराजूवर सरकारी शिक्का असला म्हणून दुकानदाराने केलेली बेरीज बरोबर ठरत नाही.

पॉसिक्सने लेखकासाठी एक सोय केली होती. मजकुराच्या माथ्यावर एक ठरावीक खूणशब्द लिहिला की उत्पादकाने पदरचे घातलेले सर्व जादा शब्द कंपायलरच्या दृष्टीआड व्हावेत आणि मानकातील तेवढेच दिसावेत. सोवळ्यात स्वयंपाक करण्यासारखाच हा प्रकार. सवयीने वापरलेला एखादा परका शब्द असला तर कंपायलर तेथल्या तेथे अडतो. तथापि या सोवळ्याने नावे पकडली जातात, गृहीते नाहीत.

गृहीत किती खोल बसलेले असते याचा सर्वांत जवळचा दाखला आपल्या लिपीने दिला. भारतीय लिप्यांसाठी संगणकसंकेत ठरविण्याचे काम कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत झाले. तेथील ‘जिस्ट’ हे तंत्र पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत आले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली १३१९४ या क्रमांकाचे मानक म्हणून ‘इस्की’ हा संकेत जाहीर केला. त्याची योजना सुबक होती. बाइटात २५६ मूल्ये असतात; त्यांपैकी खालची १२८ रोमन लिपीला पूर्वीच दिलेली. भारतीय अक्षरे वरच्या अर्ध्या भागात बसविली, म्हणजे दोन्ही लिप्या एका मजकुरात गुण्यागोविंदाने नांदाव्यात. ‘क’ या अक्षराचा क्रमांक आला १७९.

आता सी भाषेतील ‘कॅर’ पाहू. बाइटातील मूल्य ० ते २५५ समजावे की उणे १२८ ते अधिक १२७, हे भाषेने ठरविलेच नाही. ते उत्पादकावर सोडले. पीडीपी-११ वर ते चिन्हासह, म्हणजे उणे-अधिक असे होते. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर चिन्हाविना. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला याचे सोयरसुतक नव्हते, कारण त्याची सर्व अक्षरे १२८ च्या आत. देवनागरीला मात्र हा प्रश्न पहिल्या अक्षरापासून भेडसावतो. चिन्हासह कॅर असलेल्या यंत्रावर ‘क’ हे अक्षर १७९ न राहता उणे ७७ होते. ‘हे अक्षर आहे काय, अंक आहे काय’ असे विचारणारी काही तयार कार्ये सी भाषेत आहेत. ती बहुधा एका कोष्टकात त्या क्रमांकाच्या घरात डोकावून उत्तर देतात. त्यांना उणे ७७ दिले की ती कोष्टकाच्या सुरुवातीच्या सत्त्याहत्तर घरे अलीकडे, म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या तरी जागेत डोकावतात. तेथे जे सापडेल ते उत्तर. मानकाच्या दृष्टीने हा लेखकाचा अपराध; काहीही घडो, कोणीही जबाबदार नाही.

याहून फसवी गोष्ट अशी की काही दयाळू कंपन्यांनी आपली कोष्टके शून्याच्या अलीकडेही वाढवून ठेवली. लिनक्सवरील प्रसिद्ध जीएनयू ग्रंथालयाने असेच केले आहे. त्यामुळे दोष तेथे दिसत नाही. वर्षानुवर्षे आज्ञावली सुखाने चालते, आणि ज्या दिवशी ती कमी दयाळू यंत्रावर जाते त्या दिवशी मराठी नाव पाहताच कोसळते. इंग्रजी नावांवर ती कधीच कोसळत नाही. साहजिकच परीक्षा इंग्रजी नावांनी घेतली तर परीक्षेत ती उत्तीर्णच ठरते. इस्कीची जागा पुढे युनिकोडने घेतली. पण दुखणे गेले नाही. प्रचलित लेखनपद्धतीत ‘क’ आता एका बाइटाऐवजी तीन बाइटांत लिहिला जातो आणि त्यांची मूल्ये २२४, १६४ व १४९ अशी आहेत. तिन्ही १२७ च्या वर. पूर्वी एक उणे मूल्य होते, आता तीन झाली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मानकाच्या ताज्या आवृत्तीनेही कॅरच्या चिन्हाचा निर्णय उत्पादकावरच ठेवला आहे.

पॉसिक्सची आणखी एक मर्यादा मराठी वाचकाला गमतीची वाटेल. फाइलच्या नावासाठी प्रत्येक प्रणालीने किती बाइट दिलेच पाहिजेत, याचा किमान आकडा त्या मानकात १४ आहे. जुन्या युनिक्सचा तो वारसा. ‘पुणे’ हे नाव आजच्या पद्धतीने लिहिले तर प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट, ते मावते. ‘मुंबई’ला म, उकार, अनुस्वार, ब आणि ई अशी पाच चिन्हे लागतात, १५ बाइट झाले आणि एका बाइटाने मुंबई बाहेर राहिली. काटेकोर पाहता दोन्ही शहरे बाहेरच आहेत, कारण सर्व यंत्रांवर चालेल अशा नावात रोमन अक्षरे, अंक, बिंदू, जोडरेघ आणि अधोरेघ यांखेरीज कशाचीच हमी मानक देत नाही. प्रत्यक्षातील प्रणाली यापेक्षा पुष्कळ उदार आहेत, हे खरे. पण औदार्यावर विसंबणे हीच तर या सगळ्या इतिहासातील मूळ चूक आहे.

तपासनीसांची विद्याही दरम्यान पुढे गेली. मोटारींत नियंत्रक आल्यावर ब्रिटनमधील मोटार-उद्योगाने १९९८ साली ‘मिस्रा’ या नावाने सी भाषेचे निर्बंध प्रसिद्ध केले, आणि २००४ व २०१२ साली त्यांच्या सुधारलेल्या आवृत्त्या आल्या. साधा ‘कॅर’ अक्षरांसाठीच वापरावा, संख्येसाठी नव्हे. संख्येचे माप नावातच स्पष्ट सांगावे. असे त्यांचे स्वरूप. इंटाऐवजी ‘३२ बिटांचा इंट’ असे लिहिणे म्हणजे नुसता मण न लिहिता ‘मुंबईचा मण’ लिहिण्यासारखे आहे. पुण्यात, जेथे वाहन-उद्योग आणि आज्ञावली-उद्योग शेजारी नांदतात, टाटांनी १९८१ साली संशोधन, विकास व आरेखन केंद्र स्थापिले होते. तेथे सी आज्ञावली न चालविता केवळ वाचून तपासण्याची साधने तयार झाली. त्या केंद्रातील ‘व्हेरिअ‍ॅब्स’ हे साधन २०१९ साली आज्ञावली-पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या विभागात पहिले आले. लिंटपासून येथपर्यंतचा प्रवास थोडा नाही.

तरीही या विद्येला एक कुंपण आहे, आणि ते यंत्राच्या वेगाचे नसून तर्काचे आहे. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ साली दाखविले की कोणतीही आज्ञावली कधी थांबेल की नाही हे अचूक सांगणारी सर्वसमर्थ पद्धती असूच शकत नाही. त्यावरून असे निघते की तपासनीस एक तर काही दोष सोडून देईल, नाही तर निर्दोषावर आळ घेईल. व्यवहारात आळ फार येतात. हजार इशाऱ्यांत दहाच खरे असले की वाचणारा कंटाळतो आणि त्या दहांसकट सर्व इशारे बंद करून ठेवतो. लिंटच्या काळापासून ही तक्रार आहे, आणि साधनांपेक्षा माणसांच्या स्वभावामुळे अधिक दोष सुटले असतील.

एचएसआर लेआउटमधील वरच्या मजल्यांवर आजही तेच नाटक नव्या पात्रांनी चालू आहे. इंटेल वंशाच्या यंत्रावर कॅर चिन्हासह असतो. अँड्रॉइड दूरध्वनींत आणि लहान उपकरणांत असलेल्या एआरएम वंशावर तो बहुधा चिन्हाविना. ‘बहुधा’ म्हणावे लागते, कारण त्याच एआरएमवर अ‍ॅपल कंपनीने चिन्हासह कॅर पसंत केला आहे. सी शिकणारा प्रत्येक विद्यार्थी फाइलीतून एकेक अक्षर वाचण्याचे आवर्तन पहिल्याच आठवड्यात लिहितो. मजकूर संपला की वाचणारे कार्य उणे एक हे मूल्य देते आणि आवर्तन थांबते. ते मूल्य इंटाऐवजी कॅरमध्ये घेतले, तर चिन्हाविना कॅर असलेल्या यंत्रावर उणे एकचे २५५ होते, आणि आवर्तन कधीच थांबत नाही. मेजावर पाच वर्षे थांबणारे आवर्तन मीटरमध्ये थांबत नाही, तेव्हा पहिला संशय नेहमी मीटरवरच जातो. कंपायलरला कॅर चिन्हाविना मानण्यास सांगणारी एक खूण असते; ती देऊन मेजावरच एकदा परीक्षा घेतली असती तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. दुसऱ्या वंशाच्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी साधनेही आता विनामूल्य मिळतात. जाणते लोक मुद्दाम मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या एखाद्या यंत्राची नक्कल जवळ ठेवतात. ते यंत्र त्यांना कधी विकावयाचे नसते, पण ते खोटे गृहीत लगेच उघडे पाडते.

या तपासणीला आता एक तारीखही ठरलेली आहे. युनिक्सच्या प्रथेप्रमाणे काळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात, आणि दीर्घकाळ तो ३२ बिटांच्या जागेत ठेवला जात असे. ती जागा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरते. पुढच्या सेकंदाला अशा यंत्राच्या पंचांगात १९०१ सालचा डिसेंबर उजाडेल. पॉसिक्सच्या २०२४ च्या आवृत्तीने काळासाठी किमान ६४ बिटांची जागा सक्तीची केली आहे. पण मानकाने जागा मोठी केली तरी त्या जागेतून काढून कोणी ती संख्या साध्या इंटात ठेवली असेल, तर ती तेथे कापली जाणारच. आणि अशा ओळी शोधणे हे पुन्हा तपासनीसाचेच काम आहे. त्यासाठी २०३८ ची वाट पाहण्याचीही सोय नाही. जानेवारी २०१८ नंतर दिलेल्या प्रत्येक वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्या रेषेच्या पलीकडे पडतो, आणि त्या हप्त्याची तारीख बँकेच्या यंत्राने आजच काढून ठेवावयाची असते.